पाथरप्रतिमा नावाची बाई

निवृत्त झाल्यावर माझ्या लक्षात आलं, की आपण इतकी वर्षं काय काम केलं हे आमच्या सोसायटीत कुणालाच नीट ठाऊक नाही. सानपाड्यात कुणी मला नर्स समजतं, कुणी डॉक्टर. तळमजल्यावरच्या काकूंनी परवासुद्धा जिन्यात गाठलं. "गुडघ्यावर काहीतरी सांगा की हो." मी म्हटलं, "काकू, औषधातलं मला काही कळत नाही. गुडघा हरवला असता तर शोधून दिला असता."

माझं पद होतं समाजसेवा अधीक्षक. नवी मुंबईतल्या एका सार्वजनिक रुग्णालयात. नाव भारदस्त आहे, पण तळमजल्यावर औषधाच्या खिडकीशेजारी एक टेबल, एक कपाट आणि एक फोन एवढाच सारा कारभार. गरीब पेशंटला योजनेतून पैसे मिळवून देणं, घरी न नेणाऱ्या नातेवाइकांची समजूत घालणं, ही रोजची कामं. आणि ज्यासाठी मी मनापासून नोकरी केली ते काम म्हणजे, ज्यांचं कुणी नाही त्यांचं कोण आहे ते शोधणं. रस्त्यावर, स्टेशनात, बाजाराच्या शेडमध्ये बेशुद्ध सापडलेली माणसं पोलीस आणून सोडतात. त्यांच्या केसपेपरवर नावाच्या जागी 'अज्ञात' लिहिलेलं असतं. त्या 'अज्ञात'वर काट मारायची, हे माझं काम.

यात फार हुशारी लागते असं नाही. कान लागतात. माणूस पाणी कसं मागतो, आईला काय म्हणतो, शिवी कुठली देतो, त्यावरून जिल्हा कळतो. माझं माहेर साताऱ्याकडचं. त्यामुळं कोल्हापूर, सांगली, सोलापूर हे मला चार वाक्यांत ओळखता यायचं. पुढं पुढं उत्तरेकडचे जिल्हेही जमायला लागले. थोडी मिजासही आली होती, खोटं कशाला सांगू! एका गृहस्थांनी ती उतरवली. त्यांनी मला एकामागून एक तीन पत्ते दिले, तिन्ही खोटे. तिसरा खोटा निघाला तेव्हा मी चिडले. ते शांतपणे म्हणाले, "बाई, मी हरवलेलो नाही. मी निघून आलोय." तेव्हापासून शोधायच्या आधी विचारायला शिकले.

पण आज मला सांगायची आहे ती एका बाईची हकिकत. आम्ही सगळे तिला प्रतिमा म्हणायचो.

तिला आणलं तेव्हा ती तापानं फणफणली होती. कोपरखैरण्याच्या खाडीकाठी, पायवाटेच्या कडेला पडलेली सापडली. वय तिशीच्या आसपास, अंगावर सुती साडी, मनगटात शंखाची एक बांगडी, जवळ ना पिशवी ना फोन. मेंदूत ताप शिरलाय, डॉक्टर म्हणाले. तीन आठवडे ती जगते की जाते अशा अवस्थेत होती. जगली. पण ताप जाताना तिचे शब्द घेऊन गेला. तोंड उघडायची, ओठ हलायचे आणि काहीच यायचं नाही. मग डोळ्यांत पाणी यायचं. डॉक्टरांनी सांगितलं, शब्द परत येतील, पण एकदम नाही, सुटे सुटे येतील.

ते आले त्या सकाळी मी वॉर्डातच होते. सिस्टरनं नेहमीसारखं विचारलं, "नाम क्या है तुम्हारा? नाम?" बाईनं डोळे मिटले. विहिरीतून बादली ओढावी तसं काहीतरी आतून ओढत ती म्हणाली,

"जाना."

मग बराच वेळ थांबली.

"जी प्लॉट."

आणि शेवटी, एकेक अक्षर चाचपडत, "पाथोर... प्रोतिमा."

एवढं बोलून तिनं उशीवर मान टाकली. मोठं काम उरकल्यासारखी.

आम्हाला आनंद झाला. मी तिथंच केसपेपर ओढला. नाव प्रतिमा, आडनाव पाथर. बंगाली असणार, हे उच्चारावरून आणि शंखाच्या बांगडीवरून उघड होतं. 'जाना' म्हणजे घरी जायचंय, बिचारीला. आणि 'जी प्लॉट' हा कामाचा पत्ता. नवी मुंबईत राहणाऱ्याला यात काही वेगळं वाटायचं कारणच नाही. आमचं सगळं शहर सेक्टर आणि प्लॉटचं. इथं माणूस मेला तरी स्मशान कुठल्या सेक्टरात असं विचारतात. ही कुठल्यातरी सोसायटीत घरकामाला असणार आणि त्या प्लॉटचं नाव जी.

मग मी जी प्लॉट शोधायला निघाले. लंच टाइममध्ये, सुटल्यावर, एका रविवारी तर आमच्या ह्यांनाही बरोबर घेऊन. कोपरखैरण्यात बोनकोड्याच्या आजूबाजूचे सेक्टर पालथे घातले. वॉचमन लोक हसायचे. "मॅडम, जी विंग आहे. जी प्लॉट नाय." एकानं फार काळजीनं सांगितलं, "प्लॉटला इथं नंबर असतात. अक्षर नसतं. तुमाला कोणी फसवलं काय?" मी तिचा फोटो दाखवायचे. कुणी ओळखलं नाही.

वॉर्डात मात्र ती सगळ्यांची झाली होती. 'प्रतिमा' म्हटलं की झटकन मान वर करायची. 'पाथर प्रतिमा' असं पूर्ण म्हटलं तर चेहराच उजळायचा. मी सिस्टरला म्हणायचे, बघा, नाव बरोबर आहे. बाकी दिवसभर खिडकीशी बसून असायची. चौथ्या मजल्यावरून लांबवर खाडी दिसते. भरतीच्या वेळी चकाकती, ओहोटीला काळी. ती तिथं असं बघत बसायची की आपणही जरा वेळ शेजारी बसावं, काही बोलू नये असं वाटायचं. दुपारच्या शांततेत मीही कधी कधी बसत असे. फायली टेबलावर पडून असायच्या. त्या खिडकीत वेळ निराळाच चालायचा.

तिची खरी मैत्रीण म्हणजे गुलाबमावशी. ही आमची आया, बोनकोडे गावची आगरी बाई, निवृत्तीला आलेली. तिच्या लहानपणी आजचे सेक्टर म्हणजे भातशेती आणि मिठागरं होती. एकदा मावशीनं घरून डब्यात निवटीचं कालवण आणलं. निवटी म्हणजे चिखलात उड्या मारणारी खाडीतली लहान मासळी. आम्हा घाटावरच्यांना तिची सवय नाही, मला तर बघवतही नाही. मावशीनं गंमत म्हणून वाटीभर हिच्यापुढं ठेवलं. पोरीनं वाटी नाकाशी नेली आणि तिचं अंग एकदम सैल पडलं. सगळं खाल्लं. काटे ताटाच्या कडेला ओळीनं लावून ठेवले.

मावशी धावत माझ्या टेबलाशी आली.

"मॅडम, माजं ऐका. ही पोर खाऱ्या पान्याची हाय. कलकत्ता नाय नि काय नाय. खाडीची हाय ती, आमच्यासारकी."

"मावशी, मासे तर सगळेच बंगाली खातात."

"मासं खातात. पन निवटी वलखतात काय? मी तिला चिखल कसा तुडवायचा ते हातानं दाखवलं, तर तिनं मलाच दाखवलं, असं नाय, पाय आडवा टाकायचा. नि बांध म्हनाली. सपष्ट म्हनाली, बांध. मी म्हटलं, तुमच्याकडंबी बांधच म्हनतात?"

मी ऐकून घेतलं आणि कामाला लागले. कान लागतात म्हणून सांगणारी मीच, आणि मावशीचं मी नीट ऐकलं नाही. ती बोच आजही मनात आहे.

त्या आठवड्यात, गुरुवारी, पोलीस ठाण्यातून हवालदार आले. माणूस चांगला होता. टोपी काढून समोर बसले.

"मॅडम, त्या बंगाली बाईचं काय झालं?"

"शोध चालू आहे."

"मला सोमवारी वर रिपोर्ट द्यायचाय. बंगाली बोलते, कागद एक नाही, गाव माहीत नाही. गाव द्या, मी गाव लिहितो. नाही दिलं तर मला 'देश अज्ञात' लिहावं लागणार. ते लिहिलं की फाइल माझ्या हातातून गेली. मग परदेशी समजून ती कुठल्या टेबलावर जाईल, कुठल्या आवारात या बाईला बसवतील, ते मी सांगू शकत नाही."

मी रुग्णालयाच्या अधीक्षक साहेबांकडं गेले. त्यांचंही दुखणं होतं. "बाई, तिच्या तब्येतीचं काम संपलंय. खाली दोन पेशंट जमिनीवर आहेत. सोमवारपर्यंत ठेवतो. पुढं नाही."

त्या संध्याकाळी घरी मी पोळ्या करत होते. ह्यांनी विचारलं काय झालं. मी म्हटलं, "काही नाही. एका बाईला देश नाही." बोलले आणि मलाच ते वाक्य ऐकवेना.

शुक्रवारी तिची शेवटची रक्ततपासणी होती. रक्ताच्या खिडकीपुढं ही गर्दी. आतला मुलगा कागद बघून नावं पुकारत होता. गुलाबमावशी तिला घेऊन बाकावर बसली होती. मी एका फॉर्मसाठी तिथून चालले होते. मुलगा ओरडला, "पाथर प्रतिमा! ओ, पाथर प्रतिमा कोण आहे? पाथर प्रतिमा, पाथर प्रतिमा!"

आणि गर्दीतून एक माणूस मोठ्यांदा हसला.

चाकाच्या खुर्चीत, पाय प्लास्टरमध्ये. पुरुषांच्या वॉर्डातला निमाई. द्रोणागिरीला गोदामाच्या पत्र्यावरून पडून पाय मोडलेला. त्याचा योजनेचा फॉर्म मीच भरला होता. मी त्याला दटावलं, "पेशंटच्या नावाला हसतात का?"

"सॉरी मॅडम. मला वाटलं मी देशात, आमच्या गावच्या स्टँडवर आहे. तिथं कंडक्टर असाच ओरडतो. पाथोरप्रोतिमा, पाथोरप्रोतिमा! ये नाम नहीं है मॅडम. ये ब्लॉक है. हमारे काकद्वीप के बाजू का."

"ब्लॉक म्हणजे?"

"जैसे आपका तालुका."

माझ्या हातातला फॉर्म तसाच राहिला. आपल्याकडं जिल्ह्याखाली तालुका, तसा त्यांच्याकडं ब्लॉक. त्याचं ऑफिस, त्याचा अधिकारी, त्याखाली ग्रामपंचायती. नकाशाच्या अगदी तळाशी, जिथं बंगालची जमीन तुटून तुटून समुद्रात सांडते, तिथला एक तालुका. मी त्या बाईकडं बघितलं. दोन महिने आम्ही तिला तिच्या तालुक्याच्या नावानं हाक मारत होतो. परमुलखात कुणी 'सातारा' म्हटलं तर मी जशी मान वर करीन, तशी ती करायची.

मी निमाईची खुर्ची बाजूला ओढली. "आणि जी प्लॉट?"

तो माझ्याकडं बघतच राहिला. "जी प्लॉट कोणी सांगितलं तुमाला? ते बेट आहे, मॅडम. पाथोरप्रोतिमा ब्लॉकचंच. शेवटचं बेट. त्याच्या पुढं दरिया. इंग्रजांनी जंगल तोडून जमीन वाटली ना, तेव्हा बेटांना नाव नाही दिलं, अक्षर दिलं. जी प्लॉट, के प्लॉट, एल प्लॉट. आता पंचायतीचं पण तेच नाव."

"आणि जाना?"

"आडनाव. आमच्याकडं अर्धे लोक जाना आहेत."

मी बाकावर बसले. पहिल्याच सकाळी तिनं सगळं सांगितलं होतं. आडनाव, पंचायत, ब्लॉक. कुठल्याही कचेरीत सांगावं तसं, क्रमानं, एकही शब्द वाया न घालवता. मेलेल्या तोंडातून तीन शब्द ओढून काढले तिनं, आणि मी, पत्ते शोधण्यात आयुष्य घालवलेली, ते तिन्ही चुकीच्या रकान्यात भरून मोकळी झाले. राहिलं होतं फक्त तिचं नाव. ते तिला सापडत नव्हतं.

शुक्रवारचे चार वाजत आले होते. निमाईला माझ्या टेबलाशी आणलं. ब्लॉकच्या ऑफिसात फोन लावला. बराच वेळ वाजला. मग कुणीतरी उचलला, निमाई बोलला, पलीकडचा माणूसही बोलला. फोन ठेवून निमाई म्हणाला, "बोलतात, बेट मोठं आहे, जाना पुष्कळ आहेत, सोमवारी लिहून पाठवा." सोमवारी! मी कपाळाला हात लावला. निमाईनं आपला मोबाइल काढला. "थांबा मॅडम. माझ्या मावसभावाची सासुरवाडी आहे त्या बाजूला."

तो सगळा शनिवार फोनाफोनीत गेला. मावसभाव, त्याचा मेहुणा, मेहुण्याच्या ओळखीचा नावाडी, नावाड्याच्या हस्ते पंचायतीचा मेंबर. बेटावर रेंज कधी असते कधी नसते. मी शनिवारी सुट्टी असून तिथंच बसून होते. निमाई प्लास्टरचा पाय स्टुलावर ठेवून एकेकाला तेच सांगत होता. मला भाषा कळत नव्हती, पण त्यातून पाथोरप्रोतिमा हा शब्द परत परत वर यायचा. वाहत्या पाण्यात एखादं फळकूट दिसावं तसा. ऐकता ऐकता मला पेंग यायची आणि पेंगेत एक न पाहिलेला तालुका दिसायचा. त्यात रस्तेच नव्हते. सगळीकडं पाणी, आणि पाण्यावरून कुणी हाका मारत चाललेलं.

संध्याकाळी पाचच्या सुमारास मेंबरचा फोन आला. निमाईनं स्पीकर लावला. ऐकता ऐकता तो सरळ बसला.

"मॅडम, बोलतात तिघी जाना बायका बाहेर कामाला गेल्या. दोघींचा पत्ता आहे. एक मुंबईला गेली, तिचा वर्षभर पत्ता नाही. नवरा आधीच सोडून गेला. घरी म्हातारी आई. नाव आरोती."

आम्ही वर गेलो. ती खिडकीशी होती, पाठमोरी. निमाईनं दारातूनच, फार हळू, हाक दिली, "आरोती?"

ती वळली नाही. आधी तिनं डोक्यावरून पदर घेतला, गावच्या पुरुषमाणसापुढं घ्यावा तसा. मग वळली. आणि बोलायला लागली. सुटे सुटे नव्हे, सलग. गुलाबमावशी माझ्या दंडाला धरून रडत होती. "काय बोलतं ती, काय बोलतं?" निमाईलाही सांगता येईना. तो नुसता मान हलवत होता. "हां दीदी, हां दीदी."

आरोती म्हणजे आपली आरती. तिची कहाणी नंतर कळली. गावच्या एका बाईबरोबर ती नवी मुंबईत म्हाताऱ्या आजींना सांभाळायला आली होती. आजी वारल्या, घर बंद झालं. आणणारी बाई दुसरीकडं गेली. ही नवं काम शोधत हिंडत होती तेवढ्यात ताप चढला. खाडीचा वास आला म्हणून त्या दिशेला चालत गेली, एवढंच तिला आठवत होतं.

रविवारी पंचायतीचं शिक्क्याचं पत्र मोबाइलवर आलं. सोमवारी हवालदारांनी ते दोनदा वाचलं, शिक्का मोठा करून बघितला आणि फॉर्मवर स्वच्छ अक्षरात लिहिलं. देश भारत. मग पेनाला टोपण लावून म्हणाले, "सुटलो बुवा." आपणच कुठंतरी अडकलो होतो असं!

तिला पोचवायला एक महिला पोलीस आणि रुग्णालयाचं माणूस जायचं ठरलं. मी स्वतः गेले. गुलाबमावशी रजा टाकून, आपल्या खर्चानं आली. ती जन्मात कल्याणपलीकडं गेली नव्हती.

कलकत्त्याहून गाडीनं अर्धा दिवस दक्षिणेला. मग ब्लॉकचं ऑफिस. आपल्या पंचायत समितीसारखंच, तीच हिरवट भिंत, त्याच फायली, तोच चहा. तिथला अधिकारी तरुण होता, हिंदी चांगलं बोलायचा. त्याच्यामागं ब्लॉकचा नकाशा होता. जमीन कमी आणि नद्या जास्त. एका नदीचं नाव होतं मृदंगभांगा. मृदंग फुटला, असा काहीतरी अर्थ. का म्हणून विचारलं तर कुणाला सांगता आलं नाही.

आरती नकाशाजवळ गेली. शेवटच्या बेटाच्या शेवटच्या टोकावर तिनं बोट ठेवलं. अधिकारी खुर्चीतून उठला. तिथं पेन्सिलीनं बारीक रेघा मारलेल्या होत्या.

"ये हिस्सा," तो म्हणाला, "पिछले साल चला गया."

तिला तो बंगालीत सांगत होता, मी तिचा चेहरा बघत होते. तिनं एक प्रश्न विचारला. त्यानं मान हलवली. दुसरा विचारला. परत तेच. मी विचारलं, काय म्हणते? "पूछती है, घर गया तो तालाब? मैंने बोला, तालाब भी. फिर पूछा, पान की बाड़ी? वह भी." म्हणजे पानमळाही गेला. तिची आई बेटावरच, आत सरकवलेल्या नव्या बांधामागं राहत होती.

पोच पावतीवर पत्ता काय लिहायचा, हा मला पडलेला प्रश्न. अधिकारी म्हणाला, जुनाच लिहा. "मॅडम, हमारे रजिस्टर में मौजा डूबता नहीं." हे त्यानं हसून सांगितलं आणि पावती माझ्याकडं सरकवली.

पुढचं मी जागेपणी पाहिलं की झोपेत, अशी शंका मला अजून येते. भुटभुट आवाज करणारी होडी, तिला तिथं भुटभुटीच म्हणतात. दोन्ही काठांना तिवरं. पाणी चहाच्या रंगाचं आणि इतकं रुंद की पलीकडचा काठ म्हणजे नुसती एक रेघ. बेटं येत, जात. एकाही बेटावर आम्ही उतरलो नाही. गुलाबमावशी होडीच्या कडेला बसून हात पाण्यात घालून होती. मधेच म्हणाली, "मॅडम, आमची खाडी लग्नाआधी अशीच होती. आता बिल्डिंगी हायत म्हनून माज्या पोरांना खरं वाटत नाय." मग ती आणि आरती आपापल्या भाषेत काहीतरी बोलत राहिल्या. उत्तरं जुळत होती की नाही कोण जाणे. थांबत मात्र नव्हत्या.

नंतरचं आधीच सांगून टाकते. आरती तिथंच आहे. पंचायतीच्या शाळेत पोरांचा स्वयंपाक करते. अजून एखादा शब्द अडतो तिचा. गुलाबमावशीला व्हिडिओ कॉल येतो, रेंज असेल तेव्हा, आणि मावशी तो सगळ्या आळीला दाखवते. निमाई लंगडतो, पण कामावर आहे. मला कुणी विचारलं की बाई, नोकरीत काय केलंत, तर मला ती दुपार आठवते. म्हणून ती शेवटाला ठेवली.

आम्ही ठरल्यापेक्षा लवकर पोचलो. भरती लवकर मिळाली होती. नव्या बांधामागच्या झोपडीला कडी होती. मेंबर म्हणाला, म्हातारी पाण्यात असेल. बांधावर चढलो. खाली चिखलाचा उतार, मग कंबरभर पाणी, आणि त्यात काठाकाठानं चार-पाच बायका बांबूच्या चौकटीची जाळी ओढत चालल्या होत्या. कोळंबीचं बारीक बी धरतात ते. सगळ्यांच्या पाठी आमच्याकडं होत्या. मला सगळ्या सारख्याच दिसल्या.

आरतीनं हाक मारली नाही. चप्पल काढली, साडी खोचली आणि उतरायला लागली. पाय आडवा टाकत, न घसरता. महिला पोलीस पुढं झाली, मी तिला हातानं थांबवलं. आरती पाण्यात शिरली, डावीकडच्या दुसऱ्या बाईला गाठलं आणि तिच्या हातातल्या दोन दोऱ्यांपैकी एक दोरी आपल्या हातात घेतली.

म्हातारी थबकली. तिनं आधी दोरीवरचा हात पाहिला. शंखाची बांगडी पाहिली. मग तोंड वर केलं. आम्ही वर बांधावर उभे. मला वाटलं आता ही किंचाळेल, पाण्यात बसेल, जाळं सोडून मिठी मारेल. तिनं यातलं काही केलं नाही. तिचे ओठ हलले, एकच शब्द. आणि दोघी चालायला लागल्या. जाळं ओढत, खांद्याला खांदा लावून, काठाच्या वळणाकडं.

"सोडत का नाही जाळं?" महिला पोलिसानं विचारलं.

"मदीच सोडलं तर चिखलात रुततं," गुलाबमावशी डोळे पुसत म्हणाली. "घरला आल्यावं रडंल ती."

माझ्या हातात पोच पावती होती, म्हातारीचा अंगठा घ्यायचा होता. मी ती घडी करून पर्समध्ये ठेवली आणि बांधावर बसले. मेंबर खालीच, पाण्याच्या जवळ उभा होता. तो वर आला तेव्हा मी विचारलं, काय म्हणाली आई?

"टान," तो म्हणाला. आणि मला कळावं म्हणून हवेत हातानं दोरी खेचून दाखवली. "बोली, टान."

म्हणजे, ओढ.